वरच्या मजल्यावरची सफ

गावाकडच्या मैत्रिणी आणि नात्यातल्या पोरी सारख्या विचारतात, तू रत्नागिरीत मशिदीत जातेस म्हणजे नक्की काय गं, कुठे बसता, कोण कोण असतं, घरचे काही बोलत नाहीत का. फोनवर मी अर्धं सांगते आणि ड्युटीची वेळ होते. म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढते, लांब होईल पण मला हे नीट सांगायचंय कारण माझ्यासाठी ही छोटी गोष्ट नाहीये.

मी मूळची गुहागर तालुक्यातली, कोकणी मुसलमान घरातली. नवरा कतारला असतो, मुलगी आठवीत, मी इथे एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नर्स. आमच्या गावची मशीद घराच्या मागच्या पाखाडीवरच आहे, अजान पहिली आमच्या ओटीवर ऐकू येते, पण त्या मशिदीत मी कधी नमाज पढलेली नाही. बायकांना बंदी आहे असं कुणी तोंडाने बोललं नाही, तसा बोर्डही नाही. पण जायचं कुठून? दरवाजा एकच, वुजूचा (नमाजाआधी हातपाय धुण्याचा) हौद पुरुषांच्या बाजूला, ईदच्या दिवशी तर पुरुषांनाच आत जागा पुरत नाही. आणि आत बसलेला प्रत्येक माणूस मला ओळखतो, अमक्याची मुलगी, तमक्याची सून. मी आत पाय ठेवला असता तर मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजाच्या) आत कतारला फोन गेला असता. आई घरातच पढायची, फुफू (आत्या) घरातच पढायची, रमजानात तरावीहला (रात्रीच्या जादा नमाजाला) आळीतल्या सगळ्या बायका एका मोठ्या घराच्या माजघरात जमायच्या. ते दिवस छान होते, मी त्यांना नावं ठेवत नाहीये.

रत्नागिरीला आल्यावर पण पहिली काही वर्षं तसंच चालू होतं, खोलीवर पढायची, ड्युटीवर असले तर चेंजिंग रूमच्या कोपऱ्यात. मग आमच्या वॉर्डला कोझिकोडची एक नर्स जॉईन झाली. तिने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, इथे शुक्रवारी बायका कुठल्या मशिदीत जातात? मी म्हटलं माहीत नाही. तिला आधी वाटलं मला शहर माहीत नाही. तिच्या घरच्या बायका लहानपणापासून जुम्म्याला (शुक्रवारच्या नमाजाला) जात आलेल्या, केरळात पण सगळ्याच मशिदीत असं नसतं हे तिने मला नंतर सांगितलं, पण तिच्या मोहल्ल्यात होतं, त्यामुळे अशी मशीद असेल की नसेल ही शंकाच तिच्या मनात आली नाही. तिने चौकशी करून करून दोन दिवसांत शोधून काढली. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, मी शंभर वेळा रिक्षाने तिच्यासमोरून गेलेय. खाली मोठा नमाजाचा हॉल, बाजूला कम्युनिटी हॉल, आणि बाजूच्या गल्लीतून वेगळा जिना, वरचा मजला बायकांसाठी.

मशिदीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कमिटीला न विचारता लिहिणं बरं नाही.

पहिल्या शुक्रवारी मी गेले तेव्हा माझ्या पोटात गोळा आलेला, खरं सांगते. चप्पल कुठे काढायची इथपासून प्रश्न. जिन्याच्या खाली लाकडी रॅक आहे, त्याच्या बाजूला वुजूखाना, बसून वुजू करता येईल असे सिमेंटचे कट्टे आणि नळ, दरवाज्याला आतून कडी. मला आधी हे बघूनच भरून आलं, कडी असलेला दरवाजा. म्हणजे कुणीतरी बसून विचार केलाय की बाईला डोक्यावरचा दुपट्टा काढून मसह करायचाय (ओला हात डोक्यावरून फिरवायचाय), बाह्या वर करायच्यात, तिला आडोसा लागेल. वर गेलं की लांबच लांब खोली, सफेच्या (नमाजाच्या रांगेच्या) रेघा असलेला गालिचा, पुढच्या भिंतीला लाकडी जाळी, जाळीतून खाली मिंबर (इमामाच्या पायऱ्या) आणि मेहराब (दिशा दाखवणारा कोनाडा) दिसतो. मागे चार-पाच खुर्च्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी. एका कोपऱ्यात पोरांची खेळणी.

आणि बायका! मला वाटलेलं आमच्यासारख्याच चार कोकणी बायका असतील. एक राजिवड्याची म्हातारी खाला (मावशी), तिच्या बाजूला यूपीची मुलगी, नवरा पीओपीचं काम करतो. एक बंगाली, नवरा सोन्याच्या दुकानाचा कारागीर. एक भटकळची, त्यांचं कपड्याचं दुकान आहे, ती तिच्या बोलीत बोलायची आणि मी माझ्या कोकणीत, दोघींना एकमेकींचं बऱ्यापैकी कळायचं. मिरजेची एक टीचर. शिरगावच्या फिशरीज कॉलेजात शिकणारी आसामची एक पोरगी. कुणी मला विचारलं नाही तू कुणाची. खालाने फक्त हाताने खूण करून जवळ बोलावलं आणि खांद्याला खांदा लावून उभं केलं, मध्ये जागा सोडायची नाही बाय, म्हणाली.

जुम्म्याचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अजानच्या आधी इमामसाहेब उर्दूत बयान (भाषण) करतात, आमच्या इथे शेवटची पाच-सात मिनिटं मराठीत पण सांगतात कारण कॉलेजच्या पोरांना उर्दू नीट येत नाही. मग अरबी खुतबा (जुम्म्याचं प्रवचन), त्याचे दोन भाग, मध्ये इमाम मिंबरवर थोडा वेळ बसतो. खुतबा चालू असताना बोलायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. मग जुहरच्या (दुपारच्या नमाजाच्या) चार रकातींच्या (आवर्तनांच्या) जागी दोन रकात फर्ज, म्हणजे सक्तीच्या. बायकांवर जुम्मा फर्ज नाही, गेलं तर होतो, नाही गेलं तर घरी जुहर पढायची. त्यामुळे कुणी मला म्हणालं की तुझ्यावर सक्ती नाही मग कशाला जातेस, तर मी म्हणते सक्ती नाही म्हणूनच, मला जावंसं वाटतं म्हणून जाते.

त्या दिवशी सजद्यात गेले, कपाळ जमिनीला टेकवलं आणि खालून शेकडो माणसांच्या कपड्यांची एकदम सळसळ आली, वरून आमची. एवढी वर्षं नमाज पढतेय पण जमातीचं (सगळ्यांनी मिळून पढायचं) हे असं अंगावर येणं मला माहीतच नव्हतं. सलाम फेरल्यावर (नमाज संपल्यावर) मी रडत होते, कोझिकोडवालीने पाण्याची बाटली पुढे केली, काही बोलली नाही.

आता मेन गोष्ट, जी मला या मशिदीत शिकायला मिळाली. आम्ही कोकणी लोक बहुतेक शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या मजहबचे (पंथाचे). आपल्याकडे दीन (धर्म) अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रावरून आला, म्हणून केरळ, भटकळ, कोकण, या सगळ्या पट्ट्यात शाफई जास्त. यूपी, बिहार, बंगालचे लोक बहुतेक हनफी, इमाम अबू हनीफांच्या मजहबचे. नमाज एकच, रकाती त्याच, पण बारीक फरक असतात आणि ते बाजूला उभं राहिल्यावर लगेच दिसतात. रुकूत (कमरेत वाकायला) जाताना आणि उठताना आम्ही हात वर उचलतो, हनफी बायका नाही उचलत. अत्तहियातमध्ये (बसून पढतो त्यात) आम्ही इल्लल्लाहला बोट उचलतो आणि तसंच ठेवतो, त्या आधी उचलतात आणि इल्लल्लाहला खाली टेकवतात. फातिहा (कुराणची पहिली सुरा) झाल्यावर आमचे शाफई इमामसाहेब थोडा वेळ गप्प राहतात, कारण मागच्यांनी पण आपापली फातिहा पढायची असते, तर यूपीवाली मला म्हणाली, दीदी हमें तो लगा मौलाना भूल गए. फजरला (पहाटेच्या नमाजाला) दुसऱ्या रकातीत रुकूनंतर आम्ही हात उचलून कुनूत (एक दुआ) पढतो, हनफी बायका तेवढा वेळ हात सोडून शांत उभ्या राहतात.

सुरुवातीला यावरून कुजबुज व्हायची. खाला त्या यूपीच्या पोरीला म्हणायची तू हात का नाही उचलत, आणि ती बिचारी गोंधळायची, तिला वाटायचं आपली नमाज होत नाही की काय. मग कुणीतरी हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून खाली पाठवला (आमच्याकडे तशी पेटी आहे, बायकांनी प्रश्न लिहून टाकायचे) आणि इमामसाहेबांनी पुढच्या शुक्रवारचं अख्खं बयान त्यावरच केलं. चारही मजहबचे इमाम हक्कावर (बरोबर) आहेत, एकमेकांच्या मागे नमाज होते, आणि एक गोष्ट सांगितली जी बऱ्याच जणांना माहीत असेल, इमाम शाफई बगदादला इमाम अबू हनीफांच्या कबरीजवळ फजर पढायला उभे राहिले तेव्हा त्यांनी स्वतःचा कुनूत सोडला असं सांगतात, कबरीत असलेल्या माणसाचा अदब म्हणून. त्या शुक्रवारनंतर खालाने त्या पोरीला कधी टोकलं नाही. उलट आता दुसरं कुणी बोललं तर तीच मध्ये पडते.

असरच्या (दुपार कलल्यावरच्या नमाजाच्या) वेळेचा तर मोठाच प्रश्न होता. शाफईंकडे वस्तूची सावली (दुपारची मूळ सावली सोडून) वस्तूएवढी झाली की असर सुरू, हनफींकडे दुप्पट झाली की. मार्चमध्ये रत्नागिरीला बघाल तर एक सव्वाचारच्या आसपास येते आणि दुसरी पाचनंतर, म्हणजे जवळजवळ तासाचा फरक. गावाकडे हा प्रश्नच येत नाही, सगळे एकाच मजहबचे. इथे कमिटीने बसून ठरवलं की जमात सव्वापाचला. कारण उशिराची वेळ ठेवली तर दोघांचीही असर होते, लवकरची ठेवली तर एका बाजूची होतच नाही. जुन्या कोकणी लोकांना सवय मोडायला जड गेलं, चार-पाच म्हातारे आधीच येऊन पढून जायचे, पण आता बसलंय ते. रमजानात वित्रचं (रात्रीच्या शेवटच्या नमाजाचं) पण तसंच, आम्ही दोन रकातींवर सलाम फेरून मग एक पढतो, हनफी तिन्ही एका सलामात, तर तरावीह सगळ्यांची एकत्र आणि वित्रची हनफी जमात बाजूच्या हॉलमध्ये, नायब मौलाना बिहारचे आहेत ते पढवतात. कुणीही कुणाला चूक ठरवलं नाही आणि कुणाचं काही सोडायला पण लावलं नाही.

मला हे सगळं बघून एक गोष्ट पक्की कळली आणि ती मला सगळ्यात जास्त सांगायचीय. बायकांना या मशिदीत जागा मिळाली ती हे लोक फार मॉडर्न आहेत म्हणून मिळालेली नाही. इथे वेगवेगळ्या गावचे वेगवेगळ्या सवयीचे लोक आले म्हणून मिळाली. गावात 'आपल्यात असं नसतं' म्हटलं की विषय संपतो, कारण आपल्यात म्हणजे कोण ते सगळ्यांना माहीत असतं. इथे ते वाक्य चालतच नाही. कोझिकोडची म्हणते आमच्यात असतं, यूपीची म्हणते आमच्यात नसतं, मग कमिटीला किताब उघडून बघावंच लागतं की दीनमध्ये काय आहे आणि आपली रीत काय आहे. आणि किताबात तर सरळ हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत, की अल्लाहच्या बंदींना अल्लाहच्या मशिदींपासून अडवू नका. बाईने घरात पढणं जास्त चांगलं अशीही हदीस आहे, मी ती नाकारत नाही, ज्यांना घरात पढायचंय त्यांची नमाज माझ्यापेक्षा कमी असं मी कधीच म्हणणार नाही. पण अडवणं वेगळं. पुण्याच्या एका जोडप्याने २०१९ मध्ये हाच विषय सुप्रीम कोर्टात नेला होता, तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने पण २०२० मध्ये लिहून दिलं की बायकांना मशिदीत नमाजाला मनाई नाही, फक्त जमातीची सक्ती नाही. म्हणजे मनाई नाहीच आहे, जागा नाहीये. वुजूखान्याला कडी आणि एक वेगळा जिना एवढ्यावर गाडी अडलीय किती ठिकाणी.

आणि आपल्या कोकणात हे मिश्रण काही नवीन नाही. हॉलच्या वर छोटी लायब्ररी आहे तिथे मी वाचलं, अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी इ.स. ९१६ च्या सुमारास चौलला आला होता, त्याने लिहिलंय की तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले मुसलमान मोठ्या संख्येने राहतात. म्हणजे हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरच्या मशिदीत सफेला उभे राहणारे असेच चार ठिकाणचे असणार. मग दाभोळला गेलात तर ती आदिलशाही वळणाची मोठी मशीद आहे, तिची लोकांत सांगतात ती गोष्ट अशी की विजापूरची एक शहजादी हजला निघाली होती, जाता आलं नाही म्हणून तिने ते पैसे मशिदीला लावले. लोक तिला माँसाहेब मशीद पण म्हणतात. एका बाईच्या नावाने ओळखली जाणारी मशीद आपल्याच जिल्ह्यात उभी आहे.

घरचं सांगायचं राहिलं. नवऱ्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, तो म्हणाला इथे कतारला पण बायका येतात, जा. सासूबाई नाराज झाल्या. त्या गावी असतात, त्यांना वाटलं शहरात जाऊन सून हातातून गेली. मी वाद घातला नाही. त्या दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला माझ्याकडे राहायला आल्या, तेव्हा मी एकदाच विचारलं, अम्मी, हजला तुम्ही मक्केत कुठे पढायचात? म्हणाल्या हरममध्ये (काबाच्या मशिदीत). मदिनेला? मस्जिदे नबवीमध्ये, आठ दिवस पाची वक्त, एक नमाज चुकवली नाही, आणि मग स्वतःच गप्प झाल्या. पुढच्या शुक्रवारी म्हणाल्या चल बघू तुझी मशीद. पण गुडघ्यामुळे जिना चढवेना, अर्ध्यावर बसल्या. मग त्या दिवशी आम्ही दोघी खाली कम्युनिटी हॉलच्या मागच्या खोलीत पढलो, तिथे स्पीकर आहे आणि मधला दरवाजा उघडा ठेवला की शेवटची सफ दिसते. नमाजानंतर सासूबाई त्या राजिवड्याच्या खालाबरोबर एवढ्या बोलत बसल्या, दोघींची माहेरं खाडीच्या आरपार निघाली.

लाईटचा किस्सा पण सांगते कारण त्यातून एक काम झालं. पावसात आपल्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही. एका शुक्रवारी दुसऱ्या रकातीत बरोबर सजद्यात असताना लाईट गेली, स्पीकर बंद, वर काहीच ऐकू येईना, पावसाचा आवाज पत्र्यावर एवढा की खालची तकबीर (अल्लाहू अकबर) पण पोचेना. अर्ध्या बायका सजद्यातच, अर्ध्या उठल्या. पुढच्या सफेत जाळीजवळ ती आसामची पोरगी होती, तिला खालची सफ दिसत होती, ती बघून बघून उठली-बसली आणि मागच्या सगळ्या तिच्यावर नजर ठेवून तसं करत गेल्या, नमाज पूर्ण झाली. नंतर आम्ही दहा-बारा जणी सह्या करून कमिटीला अर्ज दिला, महिन्याभरात वरच्या स्पीकरला वेगळी बॅटरी बसली आणि जाळीची मधली फळी कापून उघडी जागा मोठी केली. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी आयुष्यात पहिल्यांदा कसल्या तरी अर्जावर सही केली होती.

कम्युनिटी हॉलमध्ये काय काय चालतं त्याची यादी नाही देत, शिवणक्लास, रक्तदान, पोरांची अभ्यासिका हे बऱ्याच ठिकाणी असतं. दोन गोष्टी मात्र सांगायच्याच आहेत.

एक म्हणजे फित्रा. ईदच्या नमाजाआधी गरिबाला द्यायचा सदका. शाफईंकडे तो धान्यातच द्यायचा, जे आपण खातो ते, म्हणजे कोकणात तांदूळ, माणशी अडीच-तीन किलो. हनफींकडे पैसे दिले तरी चालतात. त्यामुळे २०२५ च्या रमजानात शेवटच्या आठवड्यात हॉलमध्ये एका बाजूला तांदळाच्या गोणी आणि एका बाजूला पाकिटांची पेटी. आम्ही बायका वाटप करायला बसलो होतो. कुणाला काय लागतं ते बायकांना जास्त माहीत असतं, या घरात तांदूळ आहे पण औषधाला पैसे नाहीत, त्या घरात भाड्याचं झालंय पण पोरं पेजेवर आहेत. दोन मजहबचे दोन नियम, पण वाटताना दोन्ही उपयोगी पडले, मला तर वाटलं दोन्ही असावेतच.

दुसरी गोष्ट जड आहे. बाईच्या मय्यतीला गुस्ल (शेवटची अंघोळ) बायकांनीच द्यायचं असतं (नवरा देऊ शकतो का यावर पण शाफई-हनफी मत वेगळं आहे). गावात ते करणाऱ्या एक-दोन म्हाताऱ्या ठरलेल्या असतात. शहरात भाड्याने राहणाऱ्या यूपी-बंगालच्या घरात कुणी गेलं तर कोण येणार? म्हणून हॉलमध्ये खालाने आणि मिरजेच्या टीचरने शिकवायला सुरुवात केली. पाणी कसं असावं, उजव्या बाजूपासून सुरुवात, विषम वेळा धुवायचं, शेवटच्या पाण्यात कापूर, बाईच्या कफनाचे पाच कपडे, पुरुषाचे तीन, आणि सगळा वेळ अंगावर चादर, सतर (झाकायचं अंग) उघडं पडू द्यायचं नाही. मी नर्स आहे, मी मृतदेह हाताळलेत, पण हे वेगळं आहे. त्या बंगाली कारागिराची बायको बाळंतपणाच्या कॉम्प्लिकेशनमध्ये गेली. माझ्या बाजूला जुम्म्याला उभी राहणारी बाई. तिचं इथे नवऱ्याशिवाय रक्ताचं कुणीही नव्हतं. तिला गुस्ल आम्ही दिलं, खाला, भटकळची, यूपीची पोरगी आणि मी. तिची चुलती फोनवर बंगालीत रडत होती, आम्हाला शब्द कळत नव्हते, फोन स्पीकरवर ठेवून आम्ही पाणी घालत राहिलो. खाली जनाज्याची नमाज झाली, चार तकबीर, त्यात रुकू नाही सजदा नाही, उभ्यानेच. खांदा द्यायला एवढी माणसं होती की रस्ता भरला, आणि त्यातल्या बहुतेकांनी तिचा चेहरा कधी पाहिलेला नव्हता. त्या दिवसानंतर मला कुणी विचारलं बायकांचं मशिदीत काय काम, तर मी हे सांगते, दुसरं काही नाही.

मशीद परिचयाचा कार्यक्रम पण असतो अधूनमधून, इतर धर्माच्या लोकांना बोलावून आतून मशीद दाखवायची. मी वॉर्डमधल्या दोघी मैत्रिणींना नेलं, एक भाट्याची, एक पावसची. त्यांना वाटत होतं आत काहीतरी असेल, मूर्ती नाही तरी एखादी पवित्र वस्तू वगैरे, आणि आत रिकामी खोली बघून त्यांना नवल वाटलं. मेहराब म्हणजे फक्त दिशा दाखवणारा कोनाडा, मिंबर म्हणजे खुतब्याच्या पायऱ्या, अजान म्हणजे नमाजाला बोलावणं, त्यात काय म्हणतात ते ओळीने मराठीत सांगितलं. भाट्याच्या मैत्रिणीने विचारलं समुद्राकडे तोंड का करता, तर इमामसाहेबांनी होकायंत्र काढून दाखवलं, रत्नागिरीहून काबा पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे कललेला. ती म्हणाली आमच्या घराच्या पडवीतून बरोबर तीच बाजू दिसते. मग ती असरच्या जमातीला वर मागे खुर्चीवर बसून राहिली, शेवटपर्यंत. जाताना म्हणाली, सगळ्या इतक्या चिकटून का उभ्या राहता ते आता कळलं. काय कळलं ते मी विचारलं नाही. आता रमजानात ती कधीकधी पावणेसातच्या आत फणसाचे गरे नाहीतर कलिंगड कापून घेऊन येते, इफ्तारीच्या दस्तरख्वानावर आमच्या सांदणांच्या आणि यूपीवालीच्या पकोड्यांच्या मध्ये ते जाऊन बसतं.

कुणाला यायचं असेल तर शुक्रवारी साडेबाराच्या आत या, नंतर वर जागा राहत नाही. वुजू घरून करून आलात तर बरं, नळावर गर्दी होते. परफ्यूम नको. लहान पोरं आणा, कुणी हाकलत नाही, पण खाऊ आणि पाणी बरोबर ठेवा. मजहब कुठला, कुठून आलात, कोण तुम्ही, हे सांगायची गरज नाही, खाला हाताला धरून सफेत उभं करेल.

आता चालू आहे ते सांगते. कमिटीच्या जनरल मीटिंगला या वेळी पहिल्यांदा दोन बायका बसणार आहेत, मिरजेच्या टीचर आणि मी. आमचे तीन मुद्दे लिहून झालेत. हॉलच्या मागची खोली कायमची म्हाताऱ्या आणि गुडघेदुखीवाल्या बायकांसाठी द्यावी आणि तिथे रॅम्प करावा, सासूबाईंसारख्या कितीतरी जणी जिन्यामुळे येत नाहीत. गुस्लच्या खोलीत गरम पाण्याचा गिझर आणि नीट ड्रेनेज. आणि तिसरा, वरच्या मजल्यावरून येणाऱ्या प्रश्नांच्या पेटीची चावी एका बाईकडे असावी, कारण काही प्रश्न असे असतात की ते पुरुषांच्या हातातून गेलेले बायकांना नको असतात. पहिले दोन मंजूर होतील असं वाटतंय, पैशाचा अंदाज पण आणलाय भटकळवालीच्या नवऱ्याने. तिसऱ्यावर चर्चा लांबेल, पण आम्ही तो मागे घेणार नाही.